साडेनऊचे निरोप

पुंता अरेनास. शुक्रवार, रात्रीचे पावणेनऊ.
जिन्यावर वारा माझ्याआधी पोचलेला असतो.
मी दारातच बूट काढते.
फरशी करकरते आणि माइकला सगळं ऐकू जातं,
म्हणून गेली अकरा वर्षं मी लोकांना हसवते
लोकरी मोज्यांत, उजव्या अंगठ्याला भोक.

टेबलाभोवती आमची इस्टेट:
नारळाच्या दोन करवंट्या, म्हणजे घोडा.
मक्याच्या पिठाची पिशवी, म्हणजे बर्फातली पावलं.
आणि कुणाच्या तरी न्हाणीघराचं दार, चौकटीसकट उखडलेलं,
जे ढकलून दोन फेलिसिंदो उशिरा घरी येतो
आणि एर्मेलिंदा त्याची बिनपाण्याने करते.

फेलिसिंदो मी. एर्मेलिंदाही मीच,
बाल्तासार गेल्या हिवाळ्यात लेकीकडे सांतियागोला गेला तेव्हापासून.
दोघांचं भांडण एका घशातून चालतं,
मध्ये श्वासाला जागा उरत नाही,
म्हणून एर्मेलिंदा हल्ली फार शिंकते.
लोकांना वाटतं, तो विनोद आहे.

काचेपलीकडे दांको मारुसिच, बटणांवर बोटं.
दांको हसत नाही.
भुवई हलली तर बरं चाललंय,
बिस्कीट तोंडाशी जाऊन थांबलं तर उत्तम.
बाकी हसू इथे ऐकू येत नाही, हे आधी कुणी सांगत नाही.
विहिरीत दगड टाकावा
आणि त्याचा 'डुबुक' टपालाने यावा, तसं.
तीन आठवड्यांनी, मेंढ्यांच्या ट्रकमधून:
"कुत्र्याच्या गोष्टीला हसलो.
माझ्या कुत्र्याने मान वर करून पाहिलं.
एव्हारिस्तो, वरचं ठाणं."
तोवर ती गोष्ट मीच विसरलेली असते.

साडेनऊला निरोप. हा नियम आमच्याहून जुना.
फोनच्या तारा माळाआधी संपतात, माणसं संपत नाहीत,
म्हणून नवराबायकोला तसंच भांडतं सोडून मी वाचते:
लागुना ब्लांका, औषध शनिवारच्या बसने येतंय.
रोसाउराकडून ओस्वाल्दोला, मुलगी झाली, नाक तुझंच, बिचारी.
(हे मी लिहिलेलं नाही.
त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा बहुधा यालाच.)

ऑगस्टात एकदा दांकोने चिठ्ठी काचेला लावली,
आधी उलटी, मग सुलटी.
एव्हारिस्तो मान्सिया, वरचं ठाणं.
तुझा भाऊ दुपारी गेला. खाली ये.

'एव्हारिस्तो' एवढा एक शब्द
फेलिसिंदोच्या नाकातून निघून गेला.
गेला तो गेलाच. माळापर्यंत.
मग मी ज्या आवाजात बाजारात कांद्याचा भाव विचारते
त्या आवाजात पुन्हा सुरुवात केली.
दोनदा वाचलं. दोनदाच वाचायचं असतं.

पुढच्या पानावर
फेलिसिंदो स्वस्तात शवपेटी आणतो, मापाला आखूड.
पान दांकोने पाहिलं होतं. मीही.
चार सेकंद गेले.
चार सेकंदांत लोक उठून रेडिओला थापट्या मारायला लागतात.

मी दार ढकललं. फेलिसिंदो आत आला.
एर्मेलिंदा शिंकली.
आणखी शिंकली.
सात मिनिटं त्या बाईने दुसरं काही केलं नाही
आणि नवरा तिच्यासाठी रुमाल शोधत घरभर हिंडला,
मक्याच्या पिठावरून, अनवाणी,
कपाटं, पेटारे, कोंबड्यांचं खुराडं,
एक शब्दही वाकडा न बोलता.
दांकोचं बिस्कीट चहात विरघळून गेलं.

सप्टेंबरात ट्रक आला.
"भावाला माती दिली.
त्या रात्री रेडिओ खोगिराला बांधून उतरलो.
नदीपर्यंत नीट ऐकू येत होतं, मग नुसती खरखर.
रुमाल सापडला का?"

दांको म्हणतो, सापडू दे एकदाचा.
मी दर शुक्रवारी
आणखी एक खण उघडते.